‘माझ्यानं होत नाही’ म्हणायला शिकलेला माझा भाऊ

रोहनचा फोन आला तेव्हा मी कान्हे गावातल्या आमच्या घरी ओट्यावर वाल सोलत बसले होते. रोहन माझा भाचा, धाकट्या भावाचा मुलगा. एरवी त्याचा फोन म्हणजे आधी ‘आत्या, जेवलीस का?’ आणि मग बाकीचं. त्या सकाळी तो नुसता ‘आत्या’ म्हणाला आणि थांबला... सगळी नोकरी दवाखान्यात नर्स म्हणून काढलेली आहे मी, असल्या थांबण्याचा अर्थ मला कळतो. ‘‘पप्पा ना?’’ मी विचारलं. ‘‘हो. चहा पिता पिता गेले. कपसुद्धा नीट खाली ठेवला गं, आणि मग मान टाकली.’’ वाटीतले वाल तसेच सोडून मी उठले. सुहास माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान. हृदय थकलंय हे गेल्या वर्षापासून त्याला माहीत होतं, मला माहीत होतं, तरी धाकटं भावंड आपल्याआधी जाईल ही गोष्ट मनात कुठेच मांडून ठेवलेली नसते.

वलवणच्या त्याच्या घरी पोचले तर दारात दोन तऱ्हेची माणसं उभी होती. एका बाजूला वलवणचे शेजारी आणि आमच्या चर्चची मंडळी, त्याला ‘भाऊ’ म्हणणारी. दुसऱ्या बाजूला इस्त्रीच्या शर्टातले, पुण्याहून आणि तळेगावहून गाड्या घेऊन आलेले लोक, त्याला ‘सर’ म्हणणारे. ही दुसरी माणसं त्याच्या जुन्या शिबिरांमधली. कितीतरी वर्षं सुहास तुंगार्लीच्या एका बंगल्यात व्यक्तिमत्त्व विकासाची शिबिरं घेत असे आणि त्या काळात लोणावळ्यात त्याचं नाव होतं. दफनभूमीत पाळकसाहेबांची प्रार्थना झाल्यावर त्यांच्यातले एक गृहस्थ बोलायला उभे राहिले. भला माणूस, डोळे भरून आलेले. म्हणाले, ‘‘सरांनी स्वतःला स्वतःच्या हातांनी घडवलं. ते कुणाचेच ऋणी नव्हते.’’ माझ्या शेजारी उभ्या असलेल्या रोहनने मान हलवली, नकारार्थी, अगदी हळू. त्या गृहस्थांचा हेतू चांगला होता, म्हणून तिथे कुणी काही बोललं नाही. पण सुहास जिवंत असता तर त्याने त्यांना मध्येच थांबवलं असतं, हे मला पक्कं ठाऊक आहे. म्हणून त्याच्या वतीने मी हे लिहिते आहे.

आमचं लहानपण लोणावळ्याच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये गेलं. आजोबांच्या पिढीपासून आम्ही ख्रिस्ती. आमचे पप्पा रेल्वेत फिटर होते. हातात कसब होतं, गळ्यात सूर होता. रविवारी उपासनेला पांढरा शर्ट घालून गायनमंडळात उभे राहिले, की त्यांच्या खर्जातल्या आवाजाने बाकांना कंप सुटतो असं आम्हा मुलांना वाटायचं. आणि आठवड्यातल्या बाकीच्या संध्याकाळी ते पिऊन यायचे. फाटकाची कडी कशी वाजते यावरून आम्हाला कळायचं, आज जेवण होणार की ताटं उडणार. आई मार खायची आणि सकाळी उठून आम्हाला डबे भरून द्यायची. एकदा ताट तिच्या कपाळाला लागलं, भिवईच्या वर खोक पडली. सुहास तेव्हा चौदा-पंधराचा असेल. तो दारात उभा राहून सगळं बघत होता. रडला नाही, ओरडला नाही. मी आईच्या कपाळाला फडकं बांधत होते, तेव्हा माझ्या कानाशी येऊन म्हणाला, ‘‘ताई, मी कधी पप्पांसारखा होणार नाही.’’ दुसऱ्या दिवसापासून तो पहाटे उठून तुंगार्लीच्या धरणापर्यंत धावायला जाऊ लागला. थंडी असो, धुकं असो, चुकलं म्हणून नाही. त्या एका वाक्यावर त्याने आपलं सगळं आयुष्य उभारलं.

पप्पा गेले तेव्हा तो नुकताच कॉलेजातून बाहेर पडला होता. यकृत पार निकामी झालं होतं त्यांचं. दफनाहून आल्यावर पाळकसाहेब आईशी देवाच्या कृपेबद्दल दोन शब्द बोलून गेले. ते फाटकाबाहेर पडताच सुहास मला म्हणाला, ‘‘आईने जन्मभर प्रार्थना केली. मी व्यायाम केला. आता तूच सांग, कोण सुधारलं?’’ त्या दिवसापासून त्याने चर्चला येणं सोडलं. भांडण नाही, तंटा नाही. ज्या दुकानात माल मिळत नाही तिथे कशाला जायचं, इतक्या साधेपणाने सोडलं. त्याच्या प्रश्नाचं उत्तर पुढे आलं, पण ते त्यालाच शोधून आणावं लागलं.

आधी तळेगावच्या एका कारखान्यात तो कामगारांच्या प्रशिक्षणाचं काम बघायचा. तिथे त्याचं बोलणं लोकांना आवडू लागलं, मग त्याने स्वतःची शिबिरं सुरू केली. तुंगार्लीचा तो बंगला तळ्याच्या अंगाला होता. वरच्या मोठ्या खोलीत एक पुरुषभर उंचीचा आरसा होता. शिबिराच्या पहिल्या सकाळी तो एकेकाला त्या आरशासमोर उभं करायचा आणि म्हणायचा, ‘‘नीट बघा. या माणसाशिवाय तुम्हाला कुणीही वाचवणार नाही.’’ लोक भारावून जायचे. आणि मी हे स्पष्ट लिहिते, की माझा भाऊ भोंदू नव्हता. तो जे सांगायचा ते आधी स्वतः करायचा. दारूचा थेंब नाही, तंबाखू नाही, शिवी नाही, आळस नाही. त्याच्यामुळे कुणाचं वजन उतरलं, कुणाचं तोतरं बोलणं गेलं, कुणी अर्धवट राहिलेलं शिक्षण पुरं केलं. ही कामं खरी होती आणि चांगली होती. माणसाने स्वतःला वळण लावू नये असं मी म्हणत नाही. वळण लावून माणूस कुठवर जाऊ शकतो हे मी सख्ख्या भावाकडे बघून शिकले... आणि कुठे अडतो, तेही.

त्याच्या घरात सगळं जागच्या जागी असे. चपला एका ओळीत, टॉवेल घडी करून, जेवण वेळेवर. तो आवाज चढवत नसे. काही मनाविरुद्ध झालं तर गप्प व्हायचा, आणि ते गप्प राहणं दोन-दोन, तीन-तीन दिवस चालायचं. ललिता, माझी भावजय, स्वभावाने हसरी. पण त्या घरात ती हळूहळू पाहुण्यासारखी वावरायला लागली. कुणाला काही जमलं नाही, की सुहासच्या चेहऱ्यावर एक बारीकसं हसू यायचं. मला जमलं, तुम्हाला का जमू नये, असं ते हसू. आई त्याच्याकडेच राहायची. तिचं माहेर मावळातल्या खेड्यातलं, बोलणं शेवटपर्यंत तिकडचंच राहिलं. तिला चहा बशीत ओतून फुर्रकन प्यायची सवय. सुहाससमोर मात्र ती कपाला ओठ लावून आवाज न करता प्यायची. एकदा मी भेटायला गेले होते, तो कामाला बाहेर पडला तसा आईने चहा बशीत ओतला आणि मला म्हणाली, ‘‘सुहास लय सुधारला गं बाई. दारू न्हाई, शिवी न्हाई, कुणाचं वाईट न्हाई. पर त्याच्याजवळ बसायला भ्या वाटतं.’’ मी हसले. ती हसली नाही.

रोहन सतरा वर्षांचा असतानाची गोष्ट. सुट्टी होती म्हणून सुहासने त्याला तुंगार्लीला शिबिरात नेलं. समारोपाच्या सत्रात कुणीतरी कौतुकाने रोहनला उभं केलं आणि विचारलं, ‘‘अशा वडिलांचा मुलगा असणं कसं वाटतं, सांग ना.’’ पोरगं बेसावध होतं. खरं तेच बोलून गेलं. म्हणालं, ‘‘पप्पा घरात आले की आम्ही सगळे गप्प होतो.’’ सुहास हसला, दोन वाक्यांत विषय वळवला, टाळ्या घेऊन शिबिर संपवलं. घरी येईपर्यंत गाडीत एक शब्द नाही. घरी आल्यावर दार लावलं आणि रोहनच्या थोबाडीत मारली. मग दुसरी... मग थांबलाच नाही. ललिता मध्ये पडली तर तिला त्याने असं ढकललं, की ती दाराच्या चौकटीवर जाऊन आपटली आणि तिच्या कपाळातून रक्त आलं. आई आपल्या खोलीच्या दारात भिंतीला धरून उभी होती. ती एवढंच म्हणाली, ‘‘पुन्यांदा तेच.’’ तेव्हा कुठे त्याचा हात थांबला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो माझ्याकडे आला. कान्हे स्टेशनवरून उन्हात चालत आला होता, तोंड काळवंडलेलं. मी पाणी दिलं, त्याने घेतलं नाही. ओट्यावर बसून आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिला. मग म्हणाला, ‘‘ताई, मी कधी प्यायलो नाही गं. एक थेंब नाही. मग हे कुठून आलं?’’

मी आयुष्यात ऐकलेल्या प्रश्नांमधला हा सगळ्यात खरा प्रश्न. पप्पांचा दुष्टपणा बाटलीत आहे असं समजून त्याने बाटली दूर ठेवली होती. बाटली कधी उंबऱ्याच्या आत आली नाही, आणि दुष्टपणा मात्र घरातच होता. इतकी वर्षं तो नीटनेटका होऊन, चांगल्या कपड्यांत, गप्प बसून राहिला होता. सवयी बदलता येतात. पण सवयींच्या खाली जो बसलेला असतो, जो प्रत्येक गोष्टीत ‘मी’ म्हणतो, त्याला कोणता व्यायाम हलवणार? आम्ही ख्रिस्ती माणसं त्याला पाप म्हणतो. हा शब्द लोकांना आता जुनाट वाटतो. मला तो वाटत नाही, कारण रोगाचं नाव घ्यायला लाजणाऱ्या पेशंटचं काय होतं ते मी वॉर्डात पाहिलेलं आहे.

ललिता आणि रोहन माझ्याकडे राहायला आले. सुहासने अडवलं नाही. पण त्या दुपारी जो माणूस ओट्यावर बसून रडवेला झाला होता, तो महिन्याभरात पुन्हा कंबर कसून उभा राहिला. आता त्याने रागावर काम सुरू केलं. श्वासाचे प्रकार, मौन, उपास, आणखी लवकर उठणं. मला भेटायला आला की हिशेबशीर सांगायचा, या आठवड्यात किती प्रगती झाली. मी एकदा न राहवून म्हटलं, ‘‘सुहास, रागावर काम करणारा कोण? ज्याने मारलं तोच ना? डॉक्टर कितीही हुशार असला तरी स्वतःच्या छातीचं ऑपरेशन स्वतः नाही करू शकत.’’

‘‘म्हणजे तू मला पेशंट समजतेस.’’

‘‘हो. मीही पेशंटच आहे रे. मला फक्त डॉक्टर माहीत आहे, एवढाच फरक.’’

तो रागावला नाही. तेच बारीकसं हसला आणि निघून गेला. ललिता आतून सगळं ऐकत होती. म्हणाली, ‘‘ते हसले, म्हणजे अजून काही झालेलं नाही.’’

झालं ते आईच्या आजारपणात. त्याच सुमारास ती न्हाणीघरात घसरून पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण ती पुन्हा अशी चालली नाहीच. मी तिला इकडे आणायचं म्हटलं, तर सुहास म्हणाला, ‘‘नाही, मी बघतो. मला जमेल.’’ घरात तो आणि आई, दोघंच. मी मधूनमधून जाऊन ड्रेसिंग बघायची, बाकीचं सगळं त्याच्यावर. तिला पुसून घेणं, भांडं देणं, केस विंचरणं, भरवणं. मी त्याला कूस कशी बदलायची ते शिकवलं, ते तो चटकन शिकला. पण आई काही शिबिरार्थी नव्हती. तिची प्रगती होत नव्हती. कालच्यापेक्षा आज ती जरा जास्तच थकलेली असे, आणि उद्या त्याहून जास्त. ज्या माणसाला कधी सुधारायचंच नाही, त्याच्याबरोबर दिवसचे दिवस काढायची वेळ माझ्या भावावर पहिल्यांदाच आली होती.

आईची रोज दिवेलागणीला मोठ्याने प्रार्थना करायची सवय होती. पूर्वी सुहास तेवढा वेळ वरच्या मजल्यावर जायचा. आता जाणार कुठे? एका संध्याकाळी ती प्रार्थनेत पप्पांबद्दल बोलली. देवाचे आभार मानत होती, की नवऱ्याविषयी तिच्या मनात किल्मिष उरलं नाही. सुहासच्या हातात तिच्या पेजेची वाटी होती. पुढचं सगळं त्याने मला नंतर सांगितलं, आणि आईनेही आपल्या तऱ्हेने सांगितलं. दोघांचं सांगणं अगदी जुळलं, म्हणून लिहिते.

त्याने विचारलं, ‘‘आई, पप्पांना तू माफ कसं केलंस? मला तर अजून जमलेलं नाही.’’

‘‘म्या कुटं केलं?’’ आई म्हणाली. ‘‘माझ्यानं व्हतंय व्हय? लय वर्सं दातओठ खाल्ले म्या. मंग येक दिस प्रभूला सांगितलं, बाबा, माझ्यानं होत न्हाई, आता तूच काय ते कर. त्यानं केलं. हळूहळू केलं.’’

‘‘पण तू त्यांच्यासाठी एवढी प्रार्थना केलीस, ते कुठे सुधारले?’’

‘‘न्हाई सुधारले. पर मी कडू झाले न्हाई. तुमी दोघं माझ्या हातनं जेवलाव, ते कडू लागलं का कवा?’’

आणि मग आईने ती गोष्ट सांगितली, जी आम्हा दोघांनाही कधी माहीत नव्हती. ‘‘तुला वाटतं, तुज्या बापाला सुधारायचं न्हवतं? आरं, दर वक्ताला सकाळी उठून माझ्या पाया पडायचे आन् म्हनायचे, आता बघ मी कसा सुधारतो. मी म्हनायचे, चला, पाळकसायबाकडं जाऊ, देवाच्या पायाशी बसू. तर म्हनायचे, कुनाची गरज न्हाई, माझा मी बघतो. महिना-महिना न्हाई प्यायचे. लय ताठ चालायचे तवा. मंग परत पडायचे.’’ एवढं बोलून तिला धाप लागली. थोड्या वेळाने म्हणाली, ‘‘तू चालतूस ना, तसंच चालायचे. हुबेहूब.’’

वाटी हातात धरून तो किती वेळ उभा होता, त्याला सांगता आलं नाही. जन्मभर तो ज्या माणसापासून पळत होता, तो माणूसही असाच धावत होता, याच रस्त्याने, याच हट्टाने. पप्पांचा वारसा दारू हा नव्हताच. ‘माझा मी बघतो’ हा होता. एकाला तो गटारात घेऊन गेला आणि दुसऱ्याला व्यासपीठावर, एवढाच काय तो फरक. आणि दोन्ही घरांत बायकोच्या कपाळाला खोक तेवढी सारखीच.

त्या संध्याकाळी माझ्या भावाने, विशीनंतर पहिल्यांदा, प्रार्थना केली. मी त्याला विचारलं होतं, काय म्हणालास? तो म्हणाला, ‘‘काही विशेष नाही ताई. आईचंच वाक्य घेतलं. माझ्यानं होत नाही. याच्यापुढे शब्द सुचले नाहीत. आई म्हणाली, बास झालं, तेवढं पुरतं त्याला.’’ आकाशातून काही उतरलं नाही. त्याने पेज पुन्हा गरम केली, आईला भरवली, तिचं तोंड पुसलं. फक्त तेव्हा, असं तो म्हणे, आई त्याला ओझं वाटली नाही. आपल्यालाही कुणीतरी असंच भरवतंय, असं वाटलं.

ज्याला आपण कृपा म्हणतो ती मला एवढीच कळली आहे. ती सुधारलेल्या माणसाला मिळणारं बक्षीस नाही. आपल्याला सुधारता येत नाही, हे ज्याला पुरतं कळलं, त्याच्यासाठी ख्रिस्त खाली उतरला, वधस्तंभापर्यंत उतरला. शिडी चढून आपण वर पोचतो, हा सुहासचा धर्म होता. शिडीच्या पायथ्याशी बसलेल्याला शोधत कुणी वरून खाली येतं, ही सुवार्ता आहे. मला वाटतं, ही गोष्ट ऐकून सगळेच मान डोलावतात, पण शिडी मोडल्याशिवाय कुणी ती घेत नाही.

पुढच्या रविवारी शेजारणीला आईजवळ बसवून तो चर्चला मागच्या बाकावर येऊन बसला आणि उपासना झाल्यावर थेट कान्हे गावी माझ्या घरी आला. रोहन आणि ललितासमोर उभा राहून म्हणाला, ‘‘मी तुम्हाला मारलं. ते माझं पाप होतं. त्याला कारण नाही, सबब नाही. मला क्षमा करा.’’ ललिता रडली. रोहन मात्र ताठ उभा होता. म्हणाला, ‘‘मला आत्ता नाही जमणार, पप्पा.’’ मला वाटलं, आता हा गप्प होणार, चेहरा दगडाचा करणार. तर सुहास म्हणाला, ‘‘बरोबर आहे. मलाही जमत नव्हतं.’’ आणि चहा न घेता स्टेशनकडे गेला.

त्यानंतर दर रविवारी तो यायचा. रोहन आतल्या खोलीत बसून राहायचा, सुहास बाहेर ओट्यावर. पूर्वीचा सुहास असता तर त्याने याचंही वेळापत्रक केलं असतं, अमुक दिवसांत मुलाचं मन जिंकायचं म्हणून. आता तो माझ्या कोंबड्या हुसकायचा, माझ्या यजमानांशी भाताच्या गप्पा मारायचा, दाराकडे एकदाही न बघता वाट बघायचा. भात लावून झाला, कापून झाला. एका रविवारी मी चहा टाकायला उठणार इतक्यात आतून रोहन बाहेर आला. बापासमोर उभा राहिला आणि जरा चिडल्यासारखाच म्हणाला, ‘‘पप्पा, चहा घेणार का?’’ सुहासची नुसती मान हलली. मग दोघं शेजारी शेजारी बसून चहा प्यायले, काही न बोलता. पण ते गप्प बसणं वेगळं होतं... नाताळाच्या आधी ललिता आणि रोहन वलवणला परत गेले. आई तोवर होती. सून परत आलेली बघून, आठवड्यातून एकदा तरी पुरणाची पोळी खाऊन, ती पुढच्या उन्हाळ्यात शांतपणे गेली.

तुंगार्लीची शिबिरं फार दिवस टिकली नाहीत. तिथला आरसा त्याने काढून ठेवला आणि आलेल्या लोकांना सांगायला लागला, ‘‘मी तुम्हाला लवकर उठायला शिकवू शकतो, नीट बोलायला शिकवू शकतो. प्रेम करायला नाही शिकवू शकत. ते मलाही कुणाकडून तरी घ्यावं लागतं.’’ कंपन्यांना हे ऐकायचं नव्हतं. बोलावणी कमी झाली. त्याचं त्याला दुःख झालं नाही असं नाही, पण तो त्यात अडकला नाही. वलवणला चर्चच्या मागच्या खोलीत तो दारू सोडू पाहणाऱ्यांबरोबर बसू लागला. कुठल्याही धर्माची, कुठल्याही जातीची माणसं यायची. तिथे व्याख्यान नसे. आधी तो स्वतःचंच सांगायचा, मारल्याचं, ढकलल्याचं, सगळं. आपल्यासमोरचा माणूस निर्व्यसनी असून आपल्याइतकाच पडलेला आहे, हे ऐकून लोकांची जीभ मोकळी व्हायची.

त्याचे शेजारी भालेरावभाऊ बौद्ध, कारखान्यातून निवृत्त झालेले, वाचनाचे शौकीन. त्यांचा आणि सुहासचा वाद संपला नाही. ते म्हणायचे, ‘‘सुहासभाऊ, आमच्याकडं माणसानं स्वतःच स्वतःचा दिवा व्हायचं असतं. तुमी तर दुसऱ्याकडं बोट दाखवता.’’ सुहास म्हणायचा, ‘‘दिवा मी झालो होतो, भाऊ. तुमच्या डोळ्यांदेखत झालो होतो. तेल माझं नव्हतं, ते मला उशिरा कळलं.’’ भालेरावभाऊंना हे पटायचं नाही आणि ते तसं तोंडावर सांगायचे. पण आपल्या भाच्याला दारूतून सोडवायचं म्हणून त्या खोलीत हाताला धरून आणलं ते त्यांनीच, आणि शवपेटीला पहिला खांदा देणाऱ्यांतही तेच होते.

सुहास संत झाला नाही. राग त्याला शेवटपर्यंत यायचा. पूर्वी राग आला की तीन दिवस मौन. आता बाहेर पडवीत जायचा, थोडा वेळ उभा राहायचा, आणि परत येऊन ज्याच्यावर रागावला त्याच्यासमोर म्हणायचा, ‘‘चुकलं माझं.’’ ललिताला सुरुवातीला याचं हसू यायचं. आमच्या घराण्यातल्या कुठल्याही पुरुषाच्या तोंडून हे दोन शब्द याआधी कुणी ऐकलेले नव्हते. शेवटच्या भेटीत मी त्याची नाडी बघत होते, ठोके चुकत होते. मी काही न बोलता हात खाली ठेवला. तो म्हणाला, ‘‘नर्सबाई, चेहरा लपवू नका. मला भीती नाही वाटत.’’ मी विचारलं, खरंच नाही? तर म्हणाला, ‘‘ताई, माझा मी बघणार असतो तर वाटली असती.’’

गेल्या रविवारी मी वलवणला गेले होते. ललिताने भात-आमटी केली होती. रोहनची मुलगी आता चार वर्षांची आहे, जेवताना एका जागी बसत नाही. तिच्या हाताने दुधाचा पेला कलंडला आणि रोहनच्या कामाच्या कागदांवर सगळं दूध गेलं. रोहन केवढ्याने तरी ओरडला तिच्यावर. पोर दचकून आजीच्या पदराआड गेली. रोहन उठला, पडवीत गेला. आम्ही दोघी एकमेकींकडे न बघता बसून राहिलो. थोड्या वेळाने तो आत आला, पोरीसमोर जमिनीवर बसला आणि म्हणाला, ‘‘चुकलं माझं, बाळा.’’

तिने पदरातून डोकं बाहेर काढलं, त्याच्याकडे निरखून पाहिलं, आणि रिकामा पेला त्याच्या हातात देऊन म्हणाली, ‘‘मग दूध दे.’’